विद्यमान होंडा, आव्हानवीर खन्ना : कॅलिफोर्नियाच्या १७ व्या मतदारसंघातील दोन लढती

मिशनपीक (धागाकर्ता)

अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी विद्यमान सदस्य आणि त्याला आव्हान देणारा यांची तुलना करायची म्हटली की आपण सवयीने दोन पक्षांचीच तुलना करतो. कर, बंदुका, गर्भपात, स्थलांतर यांवर दोघे काय म्हणतात ते शेजारी-शेजारी मांडले की काम झाले असे वाटते. दोघे उमेदवार एकाच पक्षाचे असतील, तर ही सोय राहत नाही आणि मतदाराला खरोखर विचार करावा लागतो. माइक होंडा आणि रो खन्ना या दोन डेमोक्रॅटिक उमेदवारांत २०१४ आणि २०१६ अशी सलग दोनदा झालेली लढत ही अशा तुलनेची उत्तम संधी आहे, कारण माणसे तीच, मतदारसंघ तोच आणि निकाल मात्र उलट : २०१४ मध्ये होंडा जिंकले, २०१६ मध्ये खन्ना. शिवाय फ्रीमाँट, सनीवेल, सांता क्लारा, कुपर्टिनो या सिलिकॉन व्हॅलीच्या पट्ट्यात मराठी घरे भरपूर असल्यामुळे त्या दोन्ही वेळी आपल्यापैकी अनेकांनी मतदान केलेले आहे.

थोडी पार्श्वभूमी. २०१० साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव १४ मंजूर केला. त्यानुसार जूनच्या प्राथमिक फेरीत सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर येतात आणि पहिले दोघे, पक्ष कोणताही असो, नोव्हेंबरच्या फेरीत जातात. त्याच सुमारास मतदारसंघांच्या सीमा आखण्याचे काम विधिमंडळाकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे देण्यात आले. २०१२ पासून लागू झालेल्या नव्या नकाशात १७ वा मतदारसंघ हा हवाई वगळता देशातील पहिला असा मतदारसंघ ठरला, जिथे आशियाई वंशाचे लोक बहुसंख्य होते. डेमोक्रॅटिक पक्षाचा इथला जोर इतका, की रिपब्लिकन उमेदवाराने नोव्हेंबरमध्ये जिंकण्याचा प्रश्नच येत नव्हता.

होंडा यांचा जन्म १९४१ चा. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडले गेले, तेव्हा तान्हेपणीच त्यांना कुटुंबासह कोलोरॅडोतील अमाची येथील छावणीत जावे लागले. पुढे पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतून एल साल्वादोरमध्ये काम, मग शिक्षक, मुख्याध्यापक, सॅन होजेच्या शाळा मंडळाचे सदस्य, काउंटीचे पर्यवेक्षक, राज्य विधानसभेचे सदस्य आणि २००१ च्या जानेवारीपासून प्रतिनिधिगृहात, अशी त्यांची पायरी-पायरीने झालेली वाटचाल आहे. खन्ना १९७६ साली फिलाडेल्फियात जन्मले. त्यांचे आईवडील पंजाबातून आलेले, आणि आजोबा अमरनाथ विद्यालंकार हे स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले व पुढे लोकसभेचे सदस्य झालेले. शिकागो विद्यापीठात अर्थशास्त्र, येलमध्ये कायदा, नंतर वकिली आणि २००९ ते २०११ या काळात ओबामा प्रशासनाच्या वाणिज्य खात्यात उपसहायक सचिव. २००४ साली इराक युद्धाला विरोध हा मुद्दा घेऊन ते तेव्हाचे विद्यमान सदस्य टॉम लँटॉस यांच्याविरुद्ध प्राथमिक फेरीत उभे राहिले होते आणि मोठ्या फरकाने हरले होते. म्हणजे हे गृहस्थ २०१४ मध्ये अचानक उगवलेले नव्हते.

सभागृहात एखाद्या ठरावावर 'हो' किंवा 'नाही' म्हणायची वेळ आली असती, तर शंभरांपैकी नव्वद वेळा दोघांनी एकच बटण दाबले असते. मग मतदाराने तुलना कशाची करायची? माझे मत असे की, अशा लढतीत 'हा माणूस त्या जागेचा उपयोग कशासाठी करील' हा एकच प्रश्न कामाचा असतो आणि प्रचारात त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. होंडा यांचे उत्तर होते ज्येष्ठता : सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या विनियोजन समितीवरील जागा, तिथून मिळणारा निधी आणि ज्यांचा आवाज वॉशिंग्टनमध्ये पोहोचत नाही अशा समूहांसाठी सातत्याने बोलणे. खन्ना यांचे उत्तर होते विषय : सिलिकॉन व्हॅलीचा प्रतिनिधी हा तंत्रज्ञान, उत्पादन आणि रोजगार यांवर देशाला नव्या कल्पना देणारा असावा. मला यातले पहिले उत्तर २०१४ मध्ये अधिक भरीव वाटले होते, आणि २०१६ मध्ये होंडा ते स्वतःच नीट मांडू शकले नाहीत असे वाटले. इतरांनी आपली मते सविस्तर लिहावीत.

बाराखडी

लेख संयत आहे, पण होंडा यांच्या बाजूचा एक महत्त्वाचा भाग 'सातत्याने बोलणे' या दोन शब्दांत उरकला आहे, त्याबद्दल लिहिणे भाग आहे. २००७ च्या जुलैमध्ये प्रतिनिधिगृहाने ठराव क्रमांक १२१ संमत केला. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने कोरिया, चीन, फिलिपाइन्स आणि इतर देशांतील स्त्रियांवर लादलेल्या लैंगिक गुलामगिरीची जबाबदारी जपान सरकारने निःसंदिग्धपणे स्वीकारावी आणि माफी मागावी, अशी त्यात मागणी होती. हा ठराव मांडणारा सदस्य स्वतः जपानी वंशाचा होता. त्याआधी १९९९ मध्ये राज्य विधानसभेतही त्यांनी याच स्वरूपाचा ठराव आणला होता, आणि त्यासाठी त्यांना स्वतःच्या समाजातल्या काही लोकांची नाराजी पत्करावी लागली. ११ सप्टेंबर २००१ नंतर मुस्लिम आणि शीख नागरिकांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, तेव्हा छावणीत बालपण काढलेल्या या माणसाने जे बोलायचे ते पहिल्या दिवसापासून बोलून दाखवले.

या कामाचे मोजमाप निधीत होत नाही आणि कायद्याच्या संख्येतही होत नाही. मतदाराने त्याला किती गुण द्यावेत हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु ते मोजायचेच नाही असे ठरवून केलेली तुलना मला अर्धवट वाटते.

आकडेमोड

मी मतांच्या आकड्यांपुरतेच लिहितो, कारण या दोन लढतींचे आकडे भल्याभल्यांचे तर्क मोडतात.

जून २०१४ च्या प्राथमिक फेरीत होंडा यांना सुमारे ४८ टक्के आणि खन्ना यांना २८ टक्के मते होती; उरलेली दोन रिपब्लिकन उमेदवारांत विभागली गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये होंडा ६९,५६१ आणि खन्ना ६४,८४७. फरक ४,७१४ मतांचा. जून २०१६ मध्ये खन्ना ३९ टक्क्यांच्या आसपास आणि होंडा ३७ टक्क्यांच्या थोडे वर, म्हणजे खन्ना पहिल्यांदाच पुढे. नोव्हेंबर २०१६ मध्ये खन्ना १,४२,२६८ आणि होंडा ९०,९२४, म्हणजे ६१ विरुद्ध ३९ टक्के.

आता यातली गंमत पाहा. २०१६ मध्ये दणदणीत पराभव झालेल्या होंडा यांना २०१४ च्या विजयापेक्षा २१ हजारांहून अधिक मते जास्त मिळाली. त्यांचे मतदार त्यांना सोडून गेले, असे निदान या आकड्यांवरून सरसकट म्हणता येत नाही. २०१४ हे अध्यक्षीय निवडणूक नसलेले वर्ष होते आणि कॅलिफोर्नियात नोंदणीकृत मतदारांपैकी जेमतेम ४२ टक्क्यांनी मतदान केले; त्या जूनमध्ये तर हे प्रमाण २५ टक्के होते. असे मतदान प्रामुख्याने वयस्कर आणि सवयीचे मतदार करतात, आणि त्यांना होंडा वर्षानुवर्षे ठाऊक होते. २०१६ मध्ये या मतदारसंघात जवळपास एक लाख मते जास्त पडली आणि त्यातली बहुसंख्य खन्नांकडे गेली. अर्थात दोन वर्षांत काही जुन्या मतदारांनी मत बदलले असेलच, पण आकड्यांत मुख्य भर पडलेली दिसते ती नव्याने आलेल्यांची.

दुसरी गोष्ट प्राथमिक फेरीच्या नियमाची. जुना नियम असता, तर डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत होंडा २०१४ च्या जूनमध्येच सहज जिंकले असते, खन्ना तिथेच बाद झाले असते आणि २० टक्क्यांच्या फरकाने हरलेल्या माणसाला पुन्हा पैसे द्यायला कोणी धजावले नसते. प्रस्ताव १४ मुळे त्यांना नोव्हेंबरची दुसरी फेरी मिळाली, तिथे रिपब्लिकन आणि पक्ष न नोंदवलेल्या मतदारांचीही मते मागता आली आणि ते ५२ विरुद्ध ४८ इतके जवळ पोहोचले. त्या चार टक्क्यांच्या फरकाने २०१६ ची उमेदवारी उभी केली. असे आधी घडलेले होतेच : शेजारच्या १५ व्या मतदारसंघात २०१२ साली एरिक स्वॉलवेल यांनी चाळीस वर्षे सदस्य असलेल्या पीट स्टार्क यांना याच नियमाखाली, एकाच पक्षाच्या दोघांच्या लढतीत हरवले.

सदाशिवपेठ

मी पुण्यात राहतो, त्यामुळे हा प्रश्न कदाचित प्राथमिक वाटेल. आमच्याकडे विद्यमान खासदाराविरुद्ध त्याच पक्षाचा माणूस उभा राहायचा म्हणजे आधी तिकिटासाठी दिल्लीच्या वाऱ्या, आणि तिकीट नाकारले गेले तर बंडखोरी. तुमच्याकडे दोघेही मतपत्रिकेवर उघडपणे एकाच पक्षाचे नाव लावून कसे उभे राहतात? आणि पक्ष त्यात काहीच करत नाही का?

मिशनपीक

@सदाशिवपेठ, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर या पदासाठी उमेदवाराच्या नावाखाली 'पक्षपसंती : डेमोक्रॅटिक' असे छापलेले असते. ती उमेदवाराने स्वतः नोंदवलेली पसंती असते; पक्षाने दिलेली उमेदवारी नसते. त्या ओळीखाली उमेदवाराला आपला व्यवसाय जास्तीत जास्त तीन शब्दांत लिहिता येतो, आणि विद्यमान सदस्य असेल तर नुसते 'विद्यमान' असेही लिहिता येते. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये टपालाने घरी आलेल्या मतपत्रिकेवर ही दोन नावे एकाखाली एक होती आणि दोन्हींसमोर एकच पक्ष. ज्याने आधी काही वाचलेले नाही, त्याला निवड करण्यासाठी त्या दोन-तीन शब्दांपलीकडे हाताशी काही नव्हते.

पक्ष अर्थातच हात बांधून बसत नाही. २०१४ मध्ये राज्यातील पक्षसंघटना, अध्यक्ष ओबामा, प्रतिनिधिगृहातील पक्षनेत्या नॅन्सी पेलोसी आणि कामगार संघटना होंडा यांच्या पाठीशी होत्या. खन्ना यांच्याकडे ओबामांच्याच प्रचारयंत्रणेत काम केलेली काही माणसे, तंत्रज्ञान कंपन्यांतील बडी मंडळी आणि 'मर्क्युरी न्यूज' या स्थानिक वृत्तपत्राचा पाठिंबा होता. त्याच वृत्तपत्राने २०१६ मध्येही त्यांचीच बाजू घेतली.

तुमच्या-आमच्यातला आणखी एक फरक इथे लक्षात घ्यावा लागतो. भारतात पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकते, त्यामुळे खासदार बदलला तरी लोकसभेतले मत सहसा बदलत नाही. इथे सदस्य पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो आणि त्याचे सदस्यत्व जात नाही. म्हणून व्यक्ती कोण, समिती कोणती आणि कार्यालय कसे चालते, याला इथे जास्त वजन आहे.

वॉर्मस्प्रिंग्ज

कार्यालयाचा उल्लेख आला म्हणून. विद्यमान सदस्य आणि आव्हानवीर यांची तुलना करताना एक बाजू नेहमी रिकामी राहते : आव्हानवीराचे मतदारसंघ कार्यालय अस्तित्वातच नसते. आपल्यापैकी ज्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज नागरिकत्व व स्थलांतर सेवेकडे अडकला, आईवडिलांचा व्हिसा वेळेत मिळेना किंवा पासपोर्ट हरवला, त्यांनी कधी ना कधी खासदाराच्या कार्यालयाला फोन केलेला असतो. तिथली मुलगी किंवा मुलगा आधी एक संमतिपत्र भरून मागतो, कारण त्यावर तुमची सही असल्याशिवाय सरकारी खाते तुमच्या प्रकरणाची माहिती खासदाराच्या कार्यालयाला देत नाही. मग कार्यालय विचारणा पाठवते. अर्ज रांगेत पुढे सरकत नाही, पण तो नेमका कुठे अडकला आहे ते निदान कळते. होंडा यांचे कार्यालय या बाबतीत चांगले होते, असे माझ्या ओळखीतल्या अनेकांचे मत होते.

आणि इथेच या मतदारसंघाची विचित्र गोष्ट आहे. या मदतीची सर्वाधिक गरज ज्यांना असते, ते एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरचे आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत दशकभर उभे असलेले लोक, यांना मताचा अधिकार नाही. त्यांनी कार्यालयाची कितीही तारीफ केली तरी ती मतपेटीत उतरत नाही. त्यांच्यातले जे पुढे नागरिक होतात, त्यांच्यासाठी तोपर्यंत विषय वेगळे झालेले असतात : शाळा, घरांच्या किमती, वाहतूक, कंपन्यांतली नोकरकपात. @आकडेमोड यांनी म्हटलेल्या एक लाख जास्तीच्या मतांत हे नवे नागरिक बरेच असावेत, असा माझा अंदाज आहे.

नीरक्षीर

ज्येष्ठतेबद्दल धागाकर्त्यांनी आदराने लिहिले आहे, त्याला एक ठोस उदाहरण जोडतो. बार्ट ही खाडी परिसरातील लोकल रेल्वे फ्रीमाँटहून दक्षिणेकडे मिल्पिटास आणि सॅन होजेतील बर्येसापर्यंत नेण्यासाठी २०१२ मध्ये केंद्र सरकारने ९० कोटी डॉलरचा करार केला. होंडा विनियोजन समितीवर होते आणि या प्रकल्पासाठी त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. ती स्थानके प्रवाशांसाठी उघडली जून २०२० मध्ये, म्हणजे होंडा पायउतार झाल्यावर साडेतीन वर्षांनी. पाठपुरावा एकाचा आणि फीत कापताना खासदार दुसरा, हे या कामात नेहमीचेच आहे. २०१४ च्या मतदाराला मात्र तेव्हा फक्त खोदकाम आणि वळवलेली वाहतूक दिसत होती.

आता आव्हानवीराच्या प्रचारातला 'होंडांच्या नावावर कायदे किती?' हा मुद्दा घेऊ. हे मोजमाप किती फसवे आहे, ते नॅनोतंत्रज्ञान संशोधनाच्या कायद्यावरून कळते. होंडा आणि न्यूयॉर्कचे रिपब्लिकन सदस्य शेरवुड बोलर्ट यांनी प्रतिनिधिगृहात आणलेले विधेयक २००३ मध्ये तिथे संमत झाले. परंतु अध्यक्ष बुश यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सही केली ती सिनेटच्या १८९ क्रमांकाच्या विधेयकावर, ज्याचे प्रस्तावक रॉन वायडन होते. कायदा झाला, त्यातला आशय बराचसा तोच राहिला, आणि होंडांच्या नावापुढे मात्र शून्य.

आता खन्ना यांची पाळी पाहा. येमेनमधील युद्धातून अमेरिकी मदत काढून घेण्याचा ठराव त्यांनी प्रतिनिधिगृहात लावून धरला. २०१९ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत करून अध्यक्षांकडे पाठवला आणि ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरून फेटाळला तो सिनेटचा ठराव क्रमांक ७ होता. अर्धवाहक उद्योग आणि विज्ञान संशोधनासाठीचा २०२२ चा चिप्स कायदा ज्या विधेयकांतून उगवला, त्यांतल्या एका महत्त्वाच्या विधेयकाचे २०२० मधील चार प्रस्तावकांपैकी खन्ना एक होते. पण अंतिम कायदा भलत्याच क्रमांकाच्या, मुळात विधिमंडळाच्या खर्चासाठी आणलेल्या विधेयकात घालून संमत झाला. होंडांना लावलेली फूटपट्टी खन्नांना लावली, तर त्यांच्या या दोन्ही मोठ्या कामांचे गुण शून्य येतात.

बाराखडी

@नीरक्षीर, पूर्ण शून्य नव्हे. सरकारी संकेतस्थळे सुधारण्यासंबंधीचा २०१८ चा कायदा खन्ना यांच्याच विधेयकातून झाला. मुद्दा मात्र मान्य.

सांताक्लारा९५०

चर्चा फार सभ्य चालली आहे आणि होंडा २०१६ मध्ये हरले त्याचे सरळ कारण अजून कोणी ठळकपणे लिहिलेले नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये सभागृहाच्या नीतिविषयक कार्यालयाचा अहवाल प्रसिद्ध झाला. होंडा यांच्या कार्यालयाने सरकारी साधने आणि कर्मचाऱ्यांचा वेळ प्रचाराच्या कामासाठी वापरला असे मानायला भरीव कारण आहे, असे त्यात म्हटले होते. परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्यांबरोबरची एक बैठक देणगीदार मिळवण्याशी जोडली गेल्याचाही त्यात उल्लेख होता. नीतिविषयक समितीने पुढील चौकशी चालू ठेवली, आणि होंडा सभागृहाबाहेर गेल्यावर तो विषय समितीच्या कक्षेबाहेर गेला. म्हणजे अंतिम निर्णय असा झालाच नाही. परंतु ज्याची सगळी भिस्त चारित्र्यावर आणि दीर्घ सेवेवर होती, त्या उमेदवाराला हा घाव जिव्हारी बसणारा होता.

समतोल म्हणून हेही नोंदवतो की सप्टेंबर २०१६ मध्ये होंडा यांच्या प्रचारसमितीने खन्ना यांच्या प्रचारप्रमुखावर देणगीदारांची गोपनीय माहिती पाहिल्याचा आरोप करत न्यायालयात दावा दाखल केला, आणि त्या प्रचारप्रमुखाने राजीनामा दिला. निवडणुकीला सहा-सात आठवडे उरले असताना हे घडले आणि तरीही निकालावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही.

पैशाबद्दलही बोलायला हवे. खन्ना यांनी २०११ च्या शेवटच्या तिमाहीत, कोणत्या जागेवरून लढायचे हे पक्के ठरलेले नसताना, १२ लाख डॉलर गोळा केले होते. ते कंपन्यांच्या आणि हितसंबंधी गटांच्या समित्यांकडून देणगी घेत नाहीत, हे खरे. पण धनाढ्य व्यक्तींनी वैयक्तिक नावाने दिलेले पैसे त्या नियमात बसतात, आणि २०१४ मध्ये त्यांच्या बाजूने खर्च करणारा स्वतंत्र सुपर पॅकही (उमेदवारापासून वेगळा राहून अमर्याद खर्च करू शकणारा गट) होता. होंडा यांना कामगार संघटनांचे पैसे मिळत होते. 'माझे पैसे स्वच्छ आणि तुझे मळके' हा वाद दोघांनी घातला, आणि माझ्या मते दोघांनी तो घालायला नको होता.

डेट्रॉईटकर

विषयाला धरूनच, मिशिगनमधील उदाहरण देतो, कारण तिथला विद्यमान सदस्य आपल्या बेळगावचा आहे. श्री ठाणेदार यांची शून्यातून उद्योजक होण्याची गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक आहे. २०१८ मध्ये ते राज्यपालपदाच्या प्राथमिक फेरीत तिसरे आले, २०२० मध्ये राज्य विधानसभेत गेले आणि २०२२ मध्ये १३ व्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहात निवडून आले.

ते कसे, ते पाहा. डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदार यांनी स्वतःचा भरपूर पैसा घातला आणि सुमारे २८ टक्के मतांवर ते पहिले आले. मिशिगनमध्ये पहिल्या दोघांची दुसरी फेरी नाही. पक्षाच्या फेरीत जो पहिला तो पक्षाचा उमेदवार, आणि डेट्रॉईटमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार म्हणजे नोव्हेंबरचा विजेता. ७२ टक्के प्राथमिक मतदारांनी इतर कोणाला तरी मत दिले होते. या निकालामुळे १९५५ पासून पहिल्यांदाच डेट्रॉईटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी सभागृहात उरला नाही, आणि ही सल तिथल्या राजकारणात अजून आहे. कॅलिफोर्नियाचा नियम असता तर ठाणेदार आणि दुसरे आलेले ॲडम हॉलिअर यांची नोव्हेंबरमध्ये सरळ लढत झाली असती. निकाल काय लागला असता ते सांगता येत नाही, पण तुलना तरी दोघांची झाली असती.

२०२४ मध्ये हॉलिअर पुन्हा उभे राहिले, तर उमेदवारी अर्जावरील १,००० वैध सह्यांची अट पूर्ण न झाल्यामुळे ते मतपत्रिकेवर येऊच शकले नाहीत. विरोधी मते इतर दोघींमध्ये विभागली गेली आणि ठाणेदार जवळपास ५५ टक्के घेऊन जिंकले. मराठी माणूस म्हणून मला त्यांचा अभिमान आहे. मतदार म्हणून मात्र असे वाटते की इथे विद्यमान सदस्याची समोरासमोर तुलना एकदाही नीट झाली नाही.

आकडेमोड

@डेट्रॉईटकर, उत्तम उदाहरण. एक पुस्ती. दोघांच्या फेरीतही एक गळती असते. एकाच पक्षाचे दोघे उरले की दुसऱ्या पक्षाचे काही मतदार तो रकाना कोरा ठेवून पुढे जातात. होंडा-खन्ना लढतीत रिपब्लिकन मतदारांना 'कमी नावडता कोण' एवढीच निवड होती. २०१४ मध्ये खन्नांनी त्यांच्याकडे मते मागितली आणि होंडांच्या बाजूने त्यांच्यावर 'उजवीकडे झुकलेला, धनाढ्यांचा उमेदवार' अशी टीका झाली.

सदाशिवपेठ

पण हेच खन्ना पुढे डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या अध्यक्षपदासाठीच्या २०२० च्या प्रचाराचे राष्ट्रीय सहअध्यक्ष झाले ना? मग २०१४ ची टीका चुकीची ठरली, की खन्ना बदलले?

मिशनपीक

@सदाशिवपेठ, दोन्ही थोडे-थोडे. २००४ च्या युद्धविरोधी उमेदवारीत आणि २०१९ च्या येमेन ठरावात एक सरळ धागा दिसतो, त्यामुळे ते अचानक डावे झाले असे मी म्हणणार नाही. पण आर्थिक विषयांवर २०१४ चा त्यांचा सूर आणि आजचा सूर यांत अंतर आहे. ज्या तंत्रउद्योजकांनी तेव्हा त्यांना आपला माणूस मानले, त्यांतले काही आज त्यांच्यावर चिडलेले आहेत. आव्हानवीराची तुलना करताना ही अडचण कायम राहते : विद्यमान सदस्याची मतदानाची नोंद समोर असते आणि आव्हानवीराचे फक्त बोलणे असते. म्हणून मी पहिल्या नोंदीत 'जागेचा उपयोग' हा निकष धरला, कारण त्याचा अंदाज माणसाच्या आधीच्या कामावरून थोडाफार येतो.

@सांताक्लारा९५०, अहवालाचा मुद्दा निःसंशय महत्त्वाचा आहे. तरी २०१६ च्या प्रचारात होंडा यांनी आपली ज्येष्ठता म्हणजे नेमके काय, हे सांगितले असते तर बरे झाले असते. वाणिज्य, न्याय आणि विज्ञान यांच्या निधीची जी उपसमिती आहे, तीत २०१५ पासून ते अल्पमतातील पक्षाचे सर्वांत वरचे सदस्य होते. नासा, राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान, हवामान व महासागर संस्था या सगळ्यांचा पैसा त्या उपसमितीतून जातो. सिलिकॉन व्हॅलीच्या मतदारसंघाला याहून उपयोगी खुर्ची क्वचितच मिळेल, आणि ती पहिल्या टर्ममधल्या माणसाला मिळत नाही. प्रचारपत्रकांत हे जवळजवळ नव्हतेच. होते ते पाठिंबा देणाऱ्यांच्या नावांची लांब यादी.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. खन्ना यांच्याकडे ती खुर्ची नव्हती, म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली. जेफ्री एपस्टीन या धनाढ्याने केलेल्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणाची कागदपत्रे खुली करण्याचे २०२५ चे विधेयक त्यांच्या नावाचे होते. त्यांचा पक्ष अल्पमतात असल्यामुळे ते समितीतून बाहेर येण्याची शक्यता नव्हती. केंटकीचे रिपब्लिकन सदस्य थॉमस मॅसी यांनी विधेयक थेट सभागृहापुढे आणण्याची याचिका दाखल केली, तिला १२ नोव्हेंबर २०२५ रोजी बहुमतासाठी लागणारी २१८ वी सही मिळाली, १८ तारखेला सभागृहाने ४२७ विरुद्ध १ मतांनी ते संमत केले आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्षांची सही झाली. होंडा यांनी अशी याचिका उभी केली असती असे मला वाटत नाही, आणि खन्ना यांनी बर्येसाच्या स्थानकासाठी दहा वर्षे विनियोजन समितीत फायली हलवल्या असत्या असेही वाटत नाही.

वॉर्मस्प्रिंग्ज

मग आता विद्यमान सदस्य खन्ना आहेत. त्यांच्याविरुद्ध कोणी उभे राहिले, तर तुम्ही त्या व्यक्तीला पहिला प्रश्न कोणता विचाराल?

मिशनपीक

कोणत्या समितीवर जागा मागणार आणि ती मिळाली नाही तर काय करणार, हा. त्यानंतर मतदारसंघ कार्यालयात स्थलांतराची प्रकरणे पाहायला किती माणसे ठेवणार, हा.